कळतं पण वळत नाही : अ‍ॅरिस्टॉटलच्या मते शील घडतं कसं?

नदीकाठ

सद्गुण शिकवून येतो, सरावाने येतो, की जन्मतःच असावा लागतो? प्लेटोचा 'मेनो' हा संवाद थेट या प्रश्नानेच सुरू होतो. अथेन्समध्ये हा प्रश्न नुसता चर्चेचा नव्हता. प्रोटागोरससारखे सोफिस्ट, म्हणजे गावोगाव फिरणारे शिक्षक, 'तुमच्या मुलाला चांगला नागरिक करून देतो' असं सांगून भरघोस फी घेत होते. सॉक्रेटिस या संवादात अथेन्सच्या थोर नेत्यांची नावं घेऊन विचारतो : थेमिस्टोक्लिसने आपल्या मुलाला, क्लिओफँटसला, घोड्यावर ताठ उभं राहून भाला फेकण्यापर्यंत तयार केलं, मग स्वतःचं शहाणपण का नाही देता आलं? पेरिक्लिसची पॅरालस आणि झँथिपस ही मुलं घोडेस्वारी, संगीत, व्यायाम यांत कुणाला हार जाणारी नव्हती, पण बापाची उंची दोघांतही नाही. शिकवता येत असतं, तर या बापांनी हात आखडता घेतला असता का?

सॉक्रेटिसचं म्हणणं असं की चुकणारा माणूस अज्ञानामुळे चुकतो. खरोखर कळलं की वळतंच. अ‍ॅरिस्टॉटलला (इ.स.पू. ३८४ ते ३२२) हे पटत नाही. 'निकोमाखियन एथिक्स' या नीतीवरच्या ग्रंथाच्या सातव्या पुस्तकात (म्हणजे भागात) तो स्पष्ट म्हणतो की हे मत उघड दिसणाऱ्या गोष्टींच्या विरोधात जातं. कळूनही न वळणारी माणसं आहेत, आणि ती का असतात हे सांगितल्याशिवाय शिक्षणाबद्दल बोलता येत नाही.

धागा काढायचं कारण असं की अ‍ॅरिस्टॉटलचं मत बहुतेक ठिकाणी 'लहानपणी चांगल्या सवयी लावा' एवढ्यावर आणून ठेवलेलं असतं. त्यात त्याचा निम्म्याहून जास्त मुद्दा गळून जातो.

दुसऱ्या पुस्तकाची सुरुवात सगळ्यांना माहीत असते. बुद्धीचे गुण मुख्यतः शिकवण्यातून येतात, त्याला अनुभव आणि वेळ लागतो. शीलाचे गुण सवयीतून येतात. दगड दहा हजार वेळा वर फेकला तरी त्याला वर जायची सवय लागत नाही, म्हणजे हे गुण निसर्गाने दिलेले नाहीत. पण ते निसर्गाच्या विरुद्धही नाहीत, ते घेण्याची क्षमता आपल्यात असते. वीणा वाजवून वीणावादक होतो, न्यायाने वागून न्यायी. इथे बरेच जण थांबतात. पण पुढचंच वाक्य वाचायला हवं : वीणा वाजवूनच चांगला वादक होतो आणि वीणा वाजवूनच वाईट वादकही होतो. नुसत्या आवृत्तीने काहीच ठरत नाही. तसं असतं तर शिक्षकाची गरजच नव्हती, असं तो तिथेच म्हणतो.

मग नेमकी कशाची सवय? उत्तर तिसऱ्या प्रकरणात आहे : सुख कशात वाटावं आणि दुःख कशात, याची. एक प्रसंग धरू. मेजवानी चालू आहे, पुरे झाली आहे, आणि वाईनचा आणखी एक प्याला पुढे आला. संयमी माणूस नको म्हणतो आणि त्याला त्यात काही गमावल्यासारखं वाटत नाही. निग्रही माणूस नको म्हणतो, पण आतून जीव त्या प्याल्यात अडकलेला असतो. तिसऱ्याला नको हे कळतं, तरी तो घेतो, नंतर पस्तावतो. चौथा बेबंद. त्याला घेण्यात काही गैर आहे असंच वाटत नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला पहिला आणि दुसरा सारखेच दिसतात, दोघांनीही प्याला परत केला. अ‍ॅरिस्टॉटलच्या लेखी त्यांच्यात मूलभूत फरक आहे. दुसऱ्याचं वागणं चांगलं आहे, शील अजून घडलेलं नाही. म्हणून तो म्हणतो की कृतीबरोबर येणारं सुख किंवा दुःख हीच आतल्या वृत्तीची खूण मानावी. शिक्षण पुरं झालं की नाही हे वागणुकीवरून कळत नाही, मुलाला ते वागणं जड जातंय की नाही यावरून कळतं. हा मुद्दा तो प्लेटोचं नाव घेऊन मांडतो. प्लेटोच्या 'लॉज'च्या दुसऱ्या पुस्तकात शिक्षणाची व्याख्याच अशी आहे : ज्याचा तिटकारा यायला हवा त्याचा तिटकारा आणि ज्यावर प्रेम जडायला हवं त्यावर प्रेम, आणि तेही कारण कळण्याच्या वयाआधी.

जाणकारांनी भर घालावी, मतभेदही जरूर मांडावेत.

तळ्यात_मळ्यात

उत्तम धागा. पण एक जुनी अडचण आहेच. न्यायाने वागून न्यायी व्हायचं म्हणता, पण न्यायाने वागायला आधी न्यायी असावं लागत नाही का? आणि नसेल लागत, तर मोठ्यांनी सांगितलं म्हणून वागणारं मूल आणि पोपट यांच्यात फरक काय?

नदीकाठ

ही अडचण त्याने स्वतःच उपस्थित केली आहे, दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात. त्याचं उदाहरण लिहिण्या-वाचण्याचं आहे. एखादा शब्द कुणी योगायोगाने बरोबर लिहील, किंवा दुसऱ्याने सांगितला म्हणून लिहील. तेवढ्याने त्याला व्याकरण येतं असं होत नाही. स्वतःच्या अंगी असलेल्या ज्ञानातून लिहिला तरच म्हणता येईल.

शीलाच्या बाबतीत तो तीन अटी घालतो. करणाऱ्याला आपण काय करतोय हे माहीत हवं. त्याने ते निवडून केलेलं हवं, आणि त्या कृतीसाठीच निवडलेलं हवं, बक्षिसासाठी किंवा मारापासून वाचण्यासाठी नव्हे. आणि ते पक्क्या, न ढळणाऱ्या वृत्तीतून आलेलं हवं. लहान मुलाच्या कृतीत सुरुवातीला यातली एकही अट पूर्ण होत नसते, फार तर पहिली अर्धवट. म्हणजे मूल 'न्यायी माणूस करतो ती कृती' करतं, 'न्यायी माणूस करतो तशी' करत नाही. या दोन गोष्टींमधलं अंतर भरून काढणं हेच शिक्षणाचं काम.

याचं अगदी जवळचं चित्र प्लेटोच्या 'प्रोटागोरस'मध्ये आहे. अथेन्समधला लिहायला शिकवणारा पंतोजी नवशिक्या मुलाच्या मेणाच्या पाटीवर टोकदार लेखणीने आधी रेघा ओढून देतो आणि त्या रेघा धरून लिहायला लावतो. प्रोटागोरस म्हणतो, शाळा सुटल्यावर नगरराज्य तेच काम कायद्यांनी करतं. रेघांच्या आधाराने लिहिणाऱ्या मुलाला पोपट कुणी म्हणत नाही, कारण हात वळतोय तो त्याचाच. पण रेघा कायमच्या राहिल्या, तर काहीतरी बिनसलंय हेही खरं.

गणिताची_वही

वयाप्रमाणे काय करायचं याचा तपशील त्याच्याच 'पॉलिटिक्स' या राज्यव्यवस्थेवरच्या ग्रंथाच्या सातव्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात आणि आठव्या पुस्तकात आहे. 'एथिक्स' वाचणारे बहुधा तिथपर्यंत जात नाहीत, म्हणून इथे देतो.

तान्हेपणी भरपूर दूध, वाईन जवळपास नाही. हातापायांची हालचाल जितकी होईल तितकी बरी. थंडीची सवय लवकर, पण हळूहळू लावायची, कारण या वयात शरीरात ऊब असते. मुलांना रडू द्यायचं. प्लेटोने 'लॉज'मध्ये रडण्याला आवर घालायला सांगितलं होतं, अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की रडताना श्वास रोखला जातो, छातीला व्यायाम होतो, वाढीला ते चांगलं.

पाच वर्षांपर्यंत कसलाही अभ्यास नाही आणि सक्तीचं काम नाही, वाढ खुंटते म्हणून. खेळ मात्र हवा, आणि तोही असा की बराचसा पुढे मोठेपणी करायच्या कामांची नक्कल असेल. गोष्टी कोणत्या सांगायच्या यावर 'पायडोनोमोस' या अधिकाऱ्याची नजर हवी. अभद्र बोलणं आणि अभद्र चित्रं यांना तो ठाम बंदी घालतो. कारण देताना थिओडोरस या शोकांतिकेतल्या नटाचा दाखला देतो : हा नट आपल्याआधी कुणालाही, अगदी फुटकळ नटालाही, रंगमंचावर येऊ देत नसे, कारण प्रेक्षकांचं मन पहिल्या ऐकलेल्या आवाजाकडे ओढलं जातं. मुलांचंही तसंच, जे आधी भेटतं त्यावर जास्त जीव जडतो. म्हणून वाईट गोष्टी त्यांना सुरुवातीला परक्याच राहायला हव्यात.

पाच ते सात या दोन वर्षांत नुसतं बघायचं, पुढे जे शिकायचं आहे ते मोठी मुलं शिकताना. सात ते वयात येईपर्यंत एक टप्पा, तिथून एकवीसपर्यंत दुसरा.

विषय चार : लेखन-वाचन, व्यायाम, संगीत आणि काही ठिकाणी चित्रकला. चित्रकला कशासाठी, तर वस्तू घेताना फसू नये म्हणून, पण त्याहून अधिक नजर सौंदर्यावर ठरावी म्हणून. व्यायामाबद्दल तो फार नेमका आहे. वयात येईपर्यंत हलकाच व्यायाम, कडक आहार आणि जबरदस्तीची मेहनत अजिबात नाही. पुरावा म्हणून ऑलिंपिकच्या विजेत्यांची यादी दाखवतो : मुलांच्या गटात आणि पुढे प्रौढांच्याही गटात जिंकलेले जेमतेम दोन-तीनच सापडतात, बाकीच्यांची ताकद लहानपणीच्या अतिरेकाने संपली. वयात आल्यावर तीन वर्षं इतर अभ्यास, मग कष्टाचा व्यायाम. डोकं आणि शरीर एकाच वेळी राबवायचं नाही, कारण एकाची मेहनत दुसऱ्याच्या आड येते.

तुलनेसाठी प्लेटोच्या 'लॉज'मधला हिशोब : दहाव्या वर्षापासून सुमारे तीन वर्षं अक्षरं, तेराव्यापासून तीन वर्षं वीणा. आवड असो वा नसो, ना कमी ना जास्त. 'रिपब्लिक'मध्ये तर तत्त्वज्ञ होणाऱ्यांचा अभ्यासक्रम पन्नाशीपर्यंत जातो. तिशीच्या आत वादपद्धती हातात देऊ नका असं तिथे बजावलं आहे, कारण तरुण मुलं ती खेळण्यासारखी वापरतात, दिसेल त्याचं खंडन करत सुटतात आणि शेवटी कशावरच विश्वास उरत नाही.

औदुंबर

वरच्या प्रतिसादात संगीत फार पटकन आटोपलं. आठव्या पुस्तकाचा मोठा भाग संगीतावर आहे आणि नदीकाठ यांनी मांडलेला सुख-दुःखाचा मुद्दा तिथेच प्रत्यक्षात उतरतो.

अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणं असं की ताल आणि सुरांत राग, सौम्यपणा, धैर्य, संयम यांच्या प्रतिमा असतात. चित्रात किंवा चवीत त्या इतक्या थेट नसतात. प्रतिमा पाहून-ऐकून योग्य तिथे आनंद आणि योग्य तिथे दुःख वाटायची सवय लागली, की खऱ्या प्रसंगातही तसंच वाटण्याच्या जवळ आपण पोचतो. म्हणजे प्रत्यक्ष रणांगणावर न नेता धैर्य आवडायला लावता येतं. मिक्सोलिडियन स्वरावली ऐकून मन शोकाकडे झुकतं, फ्रिजियनने उन्माद चढतो, डोरियनने मन स्थिर होतं. शिक्षणासाठी डोरियन.

मुलांनी स्वतः वाजवायचं का? हो, कारण हाताने न केलेल्या गोष्टीचं चांगलं-वाईट ठरवणं अवघड. पण मोठेपणी वाजवणं सोडून द्यायचं आणि परीक्षण करायचं. स्पर्धेत टाळ्या मिळवणारी अवघड करामत शिकवायची नाही. ऑलॉस हे फुंकून वाजवायचं वाद्य शाळेत नको : ते उन्माद चढवतं आणि वाजवताना तोंडाने शब्द म्हणता येत नाहीत. अथेना देवीने ऑलॉस फेकून दिला कारण फुगलेल्या गालांनी चेहरा विद्रूप दिसतो, अशी कथा आहे. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, बुद्धीला त्याचा काही उपयोग नाही हे जास्त संभवनीय कारण. अगदी तान्ह्यांसाठी अर्कायटसचा खुळखुळा. मुलांना स्वस्थ बसवत नाही, हातात खुळखुळा असला की घरातली भांडीकुंडी फुटत नाहीत. मोठ्या मुलांसाठी शिक्षण हाच खुळखुळा, असं त्याचं शब्दशः म्हणणं आहे.

शेवटचा टप्पा, सोडून देण्याचा, आज बहुतेकांना विचित्र वाटेल. मला तो या योजनेतला सगळ्यात कच्चा दुवा वाटतो. ज्या कानाला रोज रियाज नाही तो परीक्षणात किती दिवस टिकणार? व्यावसायिक वादकांकडे पाहण्याची त्याच्या वर्गाची हीन नजर इथे युक्तिवादात शिरली आहे.

तळ्यात_मळ्यात

धन्यवाद, पोपटाचं उत्तर पटलं. आता सुवर्णमध्याबद्दल कुणीतरी लिहा. 'सगळं थोडं थोडं करावं' हेच जर अ‍ॅरिस्टॉटलचं सांगणं असेल, तर त्यासाठी दहा पुस्तकांचा ग्रंथ कशाला?

औदुंबर

तसं ते नाहीच. सर्वात जास्त गैरसमज याच ठिकाणी आहे.

दुसऱ्या पुस्तकाच्या सहाव्या प्रकरणात मायलोचं उदाहरण आहे. मायलो हा क्रोटनचा प्रसिद्ध पैलवान. दहा मिना अन्न जास्त आणि दोन मिना कमी (एक मिना म्हणजे साधारण ४३० ग्रॅम), म्हणून उस्तादाने सहा मिना सांगितलं असं होत नाही. सहा मिना मायलोला कमी पडेल आणि आखाड्यात नुकत्याच आलेल्या पोराला जास्त होईल. गणिताचा मध्य सगळ्यांना एकच, शीलाचा मध्य माणसागणिक आणि प्रसंगागणिक वेगळा. रागाचंच घ्या. योग्य माणसावर, योग्य कारणासाठी, योग्य वेळी, योग्य तेवढाच आणि योग्य रीतीने रागावणं हा मध्य. कधी तो मध्य भयंकर रागातही असेल. अन्याय पाहून ज्याला रागच येत नाही त्याला अ‍ॅरिस्टॉटल दोषी धरतो. आणि काही गोष्टींना मध्य नसतोच : व्यभिचार, चोरी, खून. योग्य स्त्रीशी, योग्य वेळी, योग्य रीतीने व्यभिचार असं काही नसतं, हे त्याने त्याच प्रकरणात लिहिलंय.

मध्य गाठायचा कसा, याची कृती नवव्या प्रकरणात आहे, आणि ती खरोखर वापरण्याजोगी आहे. आधी दोन टोकांपैकी जे जास्त घातक त्यापासून लांब जायचं. होमरच्या काव्यातल्या ओडिसियसच्या होडीसारखं, त्या फेसाळत्या लाटांपासून होडी दूर ठेव असं. मग आपण स्वतः कोणत्या बाजूला कलतो ते ओळखायचं. कसं ओळखणार? कशात सुख वाटतं आणि कशात दुःख, त्यावरून. मग स्वतःला मुद्दाम विरुद्ध टोकाकडे ओढायचं, वाकडं लाकूड सरळ करणारे ते उलट्या बाजूला वाकवतात तसं. इथे लोक चुकतात ते असं की आपला कल न ओळखताच सर्वसाधारण सल्ला अमलात आणतात. उधळ्याला 'हात सैल सोड' आणि चिकटाला 'जपून खर्च कर' सांगितलं, तर दोघेही आणखी लांब जातील. आणि तिसरी गोष्ट, सुखाबाबत कायम सावध राहायचं, कारण तिथे आपण निःपक्षपाती न्यायाधीश नसतो.

कडूनिंब

अ‍ॅरिस्टॉटलला शिक्षण सरकारी हवं होतं हे कुणी लिहिलं नाही. 'पॉलिटिक्स'च्या आठव्या पुस्तकाची सुरुवातच ती आहे : नगराचं ध्येय एक, म्हणून शिक्षणही एक आणि सगळ्यांना समान, घरोघरी खासगी नको. त्यासाठी तो स्पार्टाचं कौतुक करतो. बहुतेक नगरांत जो तो होमरच्या काव्यातल्या सायक्लॉप्स या एकडोळ्या राक्षसासारखा आपल्या बायकामुलांपुरता कायदा करतो, असं 'एथिक्स'च्या शेवटच्या प्रकरणात आहे.

पण त्याच स्पार्टावर त्याची टीकाही तितकीच जळजळीत आहे. स्पार्टात सात वर्षांचा मुलगा घरातून बाहेर पडे. वर्षभर एकच वस्त्र, अनवाणी चालणं, मुद्दाम कमी ठेवलेलं जेवण, पायडोनोमोसबरोबर चाबूकधारी तरुण. हे झेनोफोन या ग्रीक लेखकाने नोंदवलं आहे, आणि तेही कौतुकाने. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की या मेहनतीने मुलं पशूसारखी होतात. लांडगा धोका पत्करतो म्हणून तो शूर ठरत नाही. शिवाय स्पार्टा जिंकत होता तो फक्त स्वतःच सराव करत होता म्हणून. इतर नगरं तयारीला लागल्यावर ते हरू लागले. इ.स.पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्राला थीब्सकडून झालेला पराभव त्याच्या वाचकांच्या आठवणीतला होता. फक्त युद्धाचा गुण शिकवला, शांततेत आणि फावल्या वेळात कसं जगायचं ते शिकवलंच नाही, म्हणून साम्राज्य हाती आल्यावर त्यांचा तोल गेला, ही त्याची मीमांसा.

अथेन्सने काय केलं तेही बघा. 'अथेन्सची राज्यव्यवस्था' हा ग्रंथ (अ‍ॅरिस्टॉटलचा किंवा त्याच्या शिष्यांपैकी कुणाचा, १८९१ मध्ये पपायरसवरून छापला गेला) एफेबिया या दोन वर्षांच्या प्रशिक्षणाचं वर्णन करतो. अठरा वर्षांचे तरुण. प्रत्येक टोळीतले बाप शपथ घेऊन चाळिशी ओलांडलेल्या तिघांची नावं सुचवत, त्यातला एक जनता निवडे, तो 'सोफ्रोनिस्टेस', म्हणजे संयम शिकवणारा. त्याला दिवसाला एक ड्रॅक्मा, प्रत्येक तरुणामागे चार ओबोल. तरुणांचे पैसे त्याच्याच हाती येत आणि तो सगळ्यांचा शिधा एकत्र विकत घेई, कारण जेवण टोळीवार एका पंगतीत. पहिलं वर्ष पिरेउसच्या बंदरातल्या ठाण्यांवर पहारा, आणि जड शस्त्रं, धनुष्य, भालाफेक, गोफणयंत्र यांचे वेगवेगळे शिक्षक. दुसऱ्या वर्षी नाट्यगृहात लोकांसमोर कवायत दाखवून ढाल आणि भाला मिळे, मग सरहद्दीवर गस्त. शील शिकवणाऱ्याच्या हातात धडा नाही, शिधा आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

शब्दवेल्हाळ

सगळे प्रतिसाद वाचले, वाचनखूण साठवली. पण एक गोष्ट टोचते ती लिहिते. हे सगळं स्वतंत्र पुरुष नागरिकांच्या मुलांसाठी आहे. 'पॉलिटिक्स'च्या पहिल्या पुस्तकात अ‍ॅरिस्टॉटल सांगतो की गुलामात विचारविनिमयाची शक्ती नसतेच, स्त्रीत असते पण तिला अधिकार नसतो, मुलात असते पण अपुरी. आणि ज्याच्या भरवशावर अथेन्समधलं मूल शाळेत जाई तो 'पायडागोगोस' बहुधा गुलामच असे. म्हणजे ज्याच्यात विचारशक्ती नाही म्हणायचं, त्याच्याच सांगण्याप्रमाणे मुलाने वागावं असा दाखला 'एथिक्स'च्या तिसऱ्या पुस्तकात द्यायचा. ही विसंगती छोटी नाही.

दुसरं, ज्यांना चांगलं बालपण मिळालंच नाही त्यांचं काय? तो म्हणतो, लहानपणी कोणती सवय लागते याने थोडाथोडका नाही, सगळाच फरक पडतो. मग तिशीतल्या माणसाने काय करायचं?

नदीकाठ

पहिला मुद्दा पूर्ण मान्य. त्याच परंपरेतून त्याला उत्तरही आलं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये शिकवणाऱ्या मुसोनियस रूफस या स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञाने मुलींना मुलांसारखंच शिक्षण द्यावं आणि स्त्रियांनीही तत्त्वज्ञान शिकावं असं मांडलं. धैर्य, न्याय, संयम हे गुण स्त्री-पुरुषांना वेगवेगळे नाहीत, मग शिक्षण वेगळं कसं, हा त्याचा सरळ युक्तिवाद. त्याचा शिष्य एपिक्टेटस तर स्वतः गुलाम म्हणून वाढलेला.

दुसऱ्या मुद्द्यावर अ‍ॅरिस्टॉटल खरंच कठोर आहे. शेवटच्या प्रकरणात तो म्हणतो की युक्तिवाद ऐकून बदलणारे थोडे. ऐकणाऱ्याचं मन बी पोसणाऱ्या जमिनीसारखं आधी सवयींनी मशागत केलेलं असावं लागतं. भावनेवर जगणारा माणूस समजावणं ऐकतच नाही. म्हणून तो प्रौढांसाठीही कायदा मागतो. पण दार पूर्ण बंद नाही. सातव्या पुस्तकात तो म्हणतो की कळूनही न वळणारा माणूस सुधारण्याजोगा आहे, कारण त्याला पस्तावा होतो. बेबंदाला होत नाही. पहिला म्हणजे कायदे चांगले पण ते न वापरणारं नगर, दुसरा म्हणजे वाईट कायदे वापरणारं. आणि सवयीने न वळणारा हा जन्मजात न वळणाऱ्यापेक्षा लवकर बरा होतो, कारण सवय बदलणं निसर्ग बदलण्यापेक्षा सोपं.

प्रौढाने नेमकं काय करायचं याचा तपशील स्टोइकांकडे जास्त आहे. एपिक्टेटसच्या प्रवचनांच्या दुसऱ्या पुस्तकात, अठराव्या प्रकरणात रागाची कृती आहे. रागाला खाऊ घालायचं नाही. आधी गप्प राहायचं आणि दिवस मोजायचे : पूर्वी रोज राग येत होता, मग एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, मग तीन. तीस दिवस निघाले तर देवाला आहुती द्यायची. सवय आधी सैल होते, मग नाहीशी होते. एकेका रागाने तेवढ्यापुरतंच नुकसान होत नाही, ज्वर उतरल्यावरही शरीरात काही उरतं तसं मनातही उरतं, आणि त्याच जागी पुन्हा फटका बसला तर जखम होते, हेही तिथेच आहे. सेनेकाने रागावरच्या आपल्या ग्रंथात सेक्स्टियसची पद्धत दिली आहे, रोज रात्री स्वतःला तीन प्रश्न : आज कोणतं वाईट बरं केलंस, कोणत्या दोषाला विरोध केलास, कोणत्या बाबतीत सुधारलास?

फळा_आणि_खडू

प्राथमिक शिक्षकांच्या बाजूने विचारतो. आपल्याकडे परिपाठात रोज फळ्यावर सुविचार, एक बोधकथा, प्रतिज्ञा होते. अ‍ॅरिस्टॉटलच्या हिशोबाने यातलं किती कामाचं आणि किती वाया?

गणिताची_वही

सुविचार एकटा असेल तर जवळजवळ वाया. दुसऱ्या पुस्तकात त्याने म्हटलंय की तत्त्वचर्चेचा आसरा घेणारे लोक डॉक्टरांचं लक्ष देऊन ऐकणाऱ्या, पण सांगितलेलं काहीच न करणाऱ्या रोग्यांसारखे असतात. बोधकथेला किंमत आहे, पण तिचा बोध शेवटी सांगून टाकला नाही तर. कथेचं काम आवड-नावड घडवणं. मुलांना त्या माणसासारखं व्हावंसं वाटलं पाहिजे.

त्याच्या पद्धतीने करायचं तर असं करता येईल. एका महिन्याला एकच गुण घ्या. तो एका ठरलेल्या कृतीत उतरवा, उदाहरणार्थ, खाऊ वाटणाऱ्या मुलाने स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी उचलायचा. पाळी प्रत्येकाची आली पाहिजे, कारण बघून सवय लागत नाही. सुरुवात सोपी हवी. उपाशी मुलाच्या हातात खाऊ देऊन न्याय शिकवायला गेलात, तर तो न्यायाचा कंटाळाच शिकेल. त्या कृतीला बक्षीस ठेवू नका, नाहीतर नदीकाठ यांनी सांगितलेली दुसरी अट कायमची मोडते. शाबासकी चालेल, कारण ती कृतीतलं चांगलं दाखवते. वाटा समान का हवा हे विचारायला मूल स्वतः आलं, की कारण सांगा, त्याआधी नाही. पहिल्या पुस्तकात 'हे असं आहे' आणि 'हे का आहे' असा भेद आहे. पहिलं हाती असेल तर दुसऱ्याची सुरुवातीला गरज पडत नाही, आणि पहिलं नसेल तर दुसरं रुजतच नाही.

लाजेचा वापर जपून. चौथ्या पुस्तकाच्या शेवटी तो म्हणतो, लाज तरुणांना शोभते, कारण भावनेच्या भरात ते चुकतात आणि लाज त्यांना आवरते. पण लाज ही वृत्ती नाही, भावना आहे. वर्गासमोर उभं करून पाणउतारा केला, तर मूल लाज शिकत नाही, भीती शिकतं. आणि एकाच मापाने सगळ्यांना शिकवू नका. मुष्टियुद्धाचा चांगला उस्ताद प्रत्येक शिष्याला एकच पवित्रा देत नाही, हे वाक्य 'एथिक्स'च्या शेवटच्या प्रकरणातलं. सरकारी शिक्षण मागणारा माणूसच हे म्हणतोय.

कडूनिंब

या बाबतीत एक शास्त्रीय आक्षेपही नोंदवून ठेवतो. अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे यांनी हजारो शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास १९२८ ते १९३० या काळात तीन खंडांत आला. परीक्षेत कॉपी न करणारं मूल खेळात किंवा पैशांच्या बाबतीत प्रामाणिक असेलच असं दिसलं नाही, प्रसंग बदलला की वागणं बदलत होतं. यावरून काही जण म्हणतात, पक्कं शील असं काही नसतंच.

औदुंबर

अभ्यास महत्त्वाचा, निष्कर्ष मात्र घाईचा. मुलांमध्ये पक्की वृत्ती सापडली नाही याचं अ‍ॅरिस्टॉटलला आश्चर्य वाटलं नसतं. त्याच्या मते ती मुलांत असणारच नाही आणि मोठ्यांतही थोड्यांतच. उलट तिसऱ्या पुस्तकाच्या आठव्या प्रकरणात त्याने धैर्यासारखी दिसणारी पाच सोंगं वेगळी काढली आहेत : लोकलाजेचं किंवा शिक्षेच्या भीतीचं, अनुभवाचं, संतापाचं, आशेच्या भरातलं आणि धोका माहीतच नसण्याचं. अनुभवाचं उदाहरण लढाईतल्या भाडोत्री सैनिकांचं : धोका आवाक्यात आहे तोवर ते नागरिकांपेक्षा सरस लढतात, आणि पारडं फिरलं की आधी तेच पळतात. कोरोनियाच्या लढाईत हर्मीसच्या देवळापाशी नागरिक जागच्या जागी मेले, भाडोत्री पळाले. प्रसंगाप्रमाणे बदलणारं वागणं म्हणजे नेमकं हेच. तेव्हा अभ्यासातून शिकायचं ते असं की एका गुणाचा सराव एकाच जागी करून भागत नाही. खाऊच्या वाटपातला न्याय खेळाच्या मैदानावर आपोआप जात नाही, तिथे तो वेगळा करून घ्यावा लागतो. सगळे गुण एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे फ्रोनेसिस, व्यवहारातला विवेक. ती सहाव्या पुस्तकात आहे आणि तरुणांना ती नसते असं तो सरळ म्हणतो. तरुण गणिती होऊ शकतो, विवेकी नाही, कारण विवेकाला एकेका प्रसंगाची ओळख लागते आणि तिला वर्षं लागतात. नुसता जन्मजात चांगुलपणा म्हणजे दृष्टी नसलेलं बलदंड शरीर, जोरात चालेल तितक्या जोरात आपटेल.

शब्दवेल्हाळ

मूळ ग्रंथ पहिल्यांदाच वाचणाऱ्याने कुठून सुरुवात करावी?

नदीकाठ

पहिल्या पानापासून नको. पहिलं पुस्तक सुखी जीवन म्हणजे काय यावर आहे, त्यात नवखा अडकतो. दुसऱ्या पुस्तकाची नऊही प्रकरणं आधी वाचा, एका बैठकीत होतात. लगेच दहाव्याचं नववं प्रकरण, म्हणजे सवय आणि कायदा यांचा सांधा दिसेल. तिथून 'पॉलिटिक्स'ची सातव्याची शेवटची पाच प्रकरणं आणि पूर्ण आठवं. ते अर्ध्यावरच तुटतं, संगीताची चर्चा चालू असतानाच, त्यामुळे पान हरवलं असं समजू नका. मग 'एथिक्स'च्या तिसऱ्या पुस्तकातलं धैर्य आणि संयम, सातव्याची पहिली दहा प्रकरणं आणि सगळ्यात शेवटी सहावं. सहावं आधी वाचलं तर फ्रोनेसिस ही हुशारी वाटते. आधीचं सगळं वाचून त्याकडे गेलात, तर बाराव्या-तेराव्या प्रकरणात त्याने हुशारी आणि विवेक वेगळे का केले ते समजायला त्रास होणार नाही.